पिल्लांना ऊब देणे (लेअर कुक्कुटपालन)

अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांची एक दिवसाची पिल्ले, अंगावर पुरती पिसे येईपर्यंत कृत्रिम उबेत सांभाळण्याच्या पद्धतीला ब्रूडिंग म्हणतात. देशी कोंबडी खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि मग पिल्लांना पंखांखाली घेते. संकरित लेअर कोंबड्यांमधला हा खुडूकपणा निवड करत करत जवळजवळ घालवून टाकलेला आहे, म्हणून आईचे काम शेडमधल्या माणसांवर येते. घरच्या फार्मवर ते सगळे घरच वाटून घेते, आणि रात्रीची पाळी सर्वांत महत्त्वाची.

पुणे हे अंडी व्यवसायाचे जुने केंद्र. खडकीला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तर १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय पुण्यातच आहे. लेअरची पिल्ले हॅचरीतच नर-मादी वेगळी करून, मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस टोचून, हवेशीर खोक्यांतून येतात. पोटातल्या शिल्लक बलकावर ती दोन दिवस तग धरतात, म्हणून प्रवास निभतो. पण पोहोचल्यावर आधी पाणी, मग खाद्य, हा क्रम चुकवू नये. पहिल्या पाण्यात बरेच जण थोडा गूळ घालतात. काही पिल्लांची चोच हाताने पाण्यात बुडवून दाखवावी लागते. ती प्यायला लागली की बाकीची बघून शिकतात.

पिल्ले येण्याआधीच शेड तापलेले हवे. खाली भाताच्या तुसाची दोन-तीन इंच गादी, वर पहिले काही दिवस कागद, भोवती पत्र्याचे गोल कडे. कडे गोलच असावे, कारण कोपरा मिळाला की गारठलेली पिल्ले तिथे एकमेकांवर चढतात आणि तळातली गुदमरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ९५ अंश फॅरनहाइट तापमान लागते. पुढे ते दर आठवड्याला ५ अंशांनी उतरवतात.

थर्मामीटर हवाच, पण खरे उत्तर पिल्ले देतात. उबेसाठी लावलेल्या बल्बखाली गठ्ठा करून चिरचिरत असतील तर थंडी वाजते आहे. चोच उघडी टाकून कड्याला चिकटली असतील तर उष्णता जास्त आहे. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा शिरतो आहे. सगळीकडे विखुरलेली, मधूनच हलका किलबिलाट करणारी पिल्ले सुखात असतात. पिल्लाचे पाय गालाला लावून बघावेत, गार लागले तर गादीच गार आहे. संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली म्हणजे पिल्लू खाऊन-पिऊन आहे.

पुण्याच्या आसपास डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली जातो आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर तासाभरात बॅच धोक्यात येते. म्हणून कोळशाची शेगडी तयार ठेवतात. मात्र थंडीच्या भीतीने सगळे पडदे घट्ट लावून घेणे ही मोठी चूक आहे. कोळशाचा धूर आणि ओल्या गादीतला अमोनिया आत कोंडतो, डोळे चुरचुरतात, पिल्ले मान टाकतात. वरून हवा खेळतीच ठेवावी.

लासोटा ही राणीखेत (मानमोडी) रोगाची लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची लस साधारण दुसऱ्या आठवड्यात देतात. चोचीचे टोक सातव्या ते दहाव्या दिवशी कापतात. गादी ओली राहिली तर रक्ती हगवण लागते. आठ आठवड्यांनी पिल्ले तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या कोंबड्यांच्या, शेडमध्ये जातात आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्यात पहिली, आकाराने लहान अंडी दिसू लागतात.