दोन शाखा, एकच १९२.१६८.१.०

मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यात व्हीपीएनचा टनेल, म्हणजे इंटरनेटवरून दोन नेटवर्कं जोडणारा खासगी मार्ग, उभा राहिलाय, दोन्ही राऊटर ‘कनेक्टेड’ दाखवताहेत, तरी शाखेतला सर्व्हर काही केल्या उघडत नाही. अशा वेळी आधी दोन्हीकडचे आयपी पत्ते बघावेत. दोन्ही ठिकाणी १९२.१६८.१.० हेच नेटवर्क निघालं, तर राऊटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये.

समजा, मुख्य कार्यालयातल्या १९२.१६८.१.२० या संगणकाला शाखेतल्या १९२.१६८.१.५० या सर्व्हरशी बोलायचंय. पॅकेट (माहितीचं पाकीट) पाठवण्याआधी संगणक बघतो, की समोरचा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला आहे का. सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे जुळले की पुरे. इथे ते जुळतात. मग तो राऊटरकडे जातच नाही. आपल्याच स्विचवर ‘१९२.१६८.१.५० कोण?’ अशी एआरपीची (आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा ते शोधणाऱ्या प्रोटोकॉलची) हाळी देतो. ती शाखेपर्यंत पोचणार कशी? त्यात मुख्य कार्यालयातल्याच एखाद्या प्रिंटरचा तो पत्ता असला, तर प्रिंटर इमानेइतबारे ‘मी’ म्हणतो. पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघणारी चाचणी) यशस्वी होतं, सर्व्हर जिवंत असल्याची खात्री पटते, आणि उत्तर आलेलं असतं शेजारच्या टेबलावरून.

मुळात एकच पत्ता दोन ठिकाणी येतो कसा? आयपीव्ही४चा, म्हणजे वरच्यासारखा चार आकड्यांचा, पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८चा. ते कोणीही, कोणाला न विचारता वापरावेत. उद्या दोन संस्था एकत्र आल्या तर पत्ते भिडू नयेत, म्हणून आपला हिस्सा यादृच्छिकपणे निवडा, असा सल्लाही त्यातच आहे. तो कोण वाचतो! कित्येक राऊटर खोक्यातून निघतात तेच १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ घेऊन.

बरं, सल्ला मानला तरी १९२.१६८मध्ये २५६ पत्त्यांची अशी नेटवर्कं २५६च बसतात. वीस शाखांनी त्यांतून डोळे मिटून निवड केली, तर कुठल्या तरी दोघींची टक्कर होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. १०च्या पट्ट्यात अशी ६५,५३६ नेटवर्कं मावतात. तिथे हीच शक्यता हजारात तीनपर्यंत उतरते.

टक्कर होऊन गेली असेल, तर दोन्ही बाजूंना टोपणपत्ते देतात. मुख्य कार्यालय शाखेला १०.६०.१.० म्हणून दिसतं आणि शाखा मुख्य कार्यालयाला १०.६१.१.० म्हणून, शेवटचा आकडा तोच. आता संगणक १०.६१.१.५०ला हाक मारतो. हा पत्ता परका, म्हणून पॅकेट निमूट राऊटरकडे जातं. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून १०.६०.१.२० होतो. टनेलपलीकडे शाखेचा राऊटर पोचायचा पत्ता पुन्हा १९२.१६८.१.५० करतो. उत्तर येताना हेच सगळं उलट्या क्रमाने. याला एकास-एक नॅट म्हणतात. कोणत्या पत्त्यांची पॅकेटं टनेलमधून जातील हे ठरवणाऱ्या टनेलच्या धोरणात मात्र टोपणपत्तेच लिहायचे. तिथे चुकून मूळ पत्ते राहिले, तर टनेल उभा दिसतो आणि आतून काहीच जात नाही. हे फार होतं.

खरी डोकेदुखी नॅट चालू झाल्यावर सुरू होते. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसने सर्व्हरचं नाव ऐकून १९२.१६८.१.५० सांगितलं, की गाडी पुन्हा त्याच प्रिंटरपाशी. म्हणून विचारणारा कुठल्या बाजूचा आहे ते बघून डीएनएसला वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. फाइली पाठवण्याचा एफटीपी आणि इंटरनेट कॉलिंगचा एसआयपी हे प्रोटोकॉल तर पत्ता संदेशाच्या पोटातच लिहितात. नॅट सहसा फक्त पाकिटावरचा पत्ता खोडतं, त्यामुळे फोन वाजतो पण आवाज येत नाही.

आयपीव्ही६ या नव्या आवृत्तीत खासगी पट्ट्यासाठी ४० बिटांचा यादृच्छिक आकडा घ्यायचा नियमच आहे (आरएफसी ४१९३, २००५). तिथे टक्कर जवळपास अशक्य. आयपीव्ही४वर राहायचं असेल, तर एका शाखेचे पत्ते कायमचे बदलणं हा माझ्या मते स्वच्छ मार्ग. डीएचसीपीवरचे (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेवरचे) संगणक नवा पत्ता स्वतःहून घेतात. अडतात ते प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरे आणि हजेरीची यंत्रं, कारण त्यांत कोणीतरी कधीतरी हाताने पत्ता भरलेला असतो आणि त्याची यादी बहुधा नसते. ती आधी करावी. नॅट तोवर चालू ठेवावं.