एकाच महिन्याची दोन नावं : लॉस एंजेलिस आणि ‘हिस्पॅनिक’ वारसा

दर वर्षी १५ सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतली लहानमोठी शहरं आपापल्या सभागृहांत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक देशांत मूळ असलेल्या लोकांच्या, वारसा महिन्याचे ठराव वाचतात. लॉस एंजेलिसच्या सरकारी कागदांवर मात्र हाच महिना ‘लॅटिनो’, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मूळ असलेल्यांचा, वारसा महिना असतो. तारखा त्याच, पाहुणे साधारण तेच. नाव तेवढं निराळं. २०२० च्या जनगणनेत शहराच्या जवळपास ३९ लाख लोकसंख्येपैकी ४७ टक्के लोक या गटात मोजले गेले. इतक्या मोठ्या गटाला कोणत्या नावाने हाक मारायची, यावर आपल्याकडे दिल्लीत ठरावं तसं वॉशिंग्टनमध्ये एक ठरलं आणि गावात दुसरंच रुळलं.

राष्ट्रीय पातळीवर सुरुवात आठवड्याने झाली. सप्टेंबर १९६८ मध्ये मंजूर झालेल्या त्या कायद्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या खासदाराचा मतदारसंघ पूर्व लॉस एंजेलिसचाच होता. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या शाळांतली हजारो मुलं पडके वर्ग आणि तुच्छतेची वागणूक यांच्या निषेधार्थ वर्गाबाहेर पडली होती. मुलांनी शिक्षक आणि अभ्यासक्रम मागितला, सहा महिन्यांनी मिळाला एक आठवडा. १५ आणि १६ सप्टेंबर ज्यात येतील असा आठवडा निवडण्याचं कारण सरळ आहे : मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचं १८२१ चं स्वातंत्र्य आणि मेक्सिकोचा १८१० चा उठाव. १९८८ साली आठवड्याचा महिना झाला, पण सुरुवात तिथेच राहिली. म्हणून हा महिना मधूनच सुरू होतो आणि मधूनच संपतो.

‘हिस्पॅनिक’ हा शब्द सत्तरच्या दशकातल्या सरकारने घडवला, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. १९६८ च्या कायद्यात तो शब्द आहेच. सत्तरच्या दशकात झालं ते असं की समारंभातला शब्द फॉर्मवर आला. आणि एकदा शब्दाला रकाना मिळाला की तो हलत नाही, हे जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

त्याआधीचा हिशेब गोंधळाचा होता. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश धरला गेला. त्याला विरोध झाला आणि १९४० मध्ये तीच माणसं पुन्हा ‘गोरी’ झाली. १९५० मध्ये नैर्ऋत्येकडच्या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांची यादी घेऊन माणसं शोधली गेली. १९७० मध्ये पाच टक्के घरांना प्रथमच मूळ विचारलं गेलं. पर्यायांत एक होता ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकी’. अमेरिकेच्याच मधल्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत राहणाऱ्या कित्येकांनी, आपण राहतो तिथेच की, असं समजून त्यावर खूण केली. गणती चुकली म्हणून खटले झाले. १९७६ मध्ये स्पॅनिश मूळ असलेल्यांची आकडेवारी गोळा करणं कायद्याने बंधनकारक झालं, १९७७ मध्ये व्याख्या ठरली आणि १९८० मध्ये प्रश्न प्रत्येक घरापर्यंत गेला. त्याच १९८० च्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ हा रकानाही पहिल्यांदा आला. १९७० च्या गणतीत तिथले मराठी लोकही कागदोपत्री गोरेच होते.

व्याख्या ठरवताना ‘लॅटिनो’ हा पर्यायही पुढे होता. त्यात इटालियनही शिरतील, अशी एक हरकत घेतली गेली. पण ‘हिस्पॅनिक’ तरी कुठे बंदिस्त आहे? ज्यावरून हा शब्द आला त्या रोमनांच्या हिस्पानिया प्रदेशात आजचं पोर्तुगालही होतं. जनगणना पोर्तुगीज आणि ब्राझिली लोकांना यात धरत नाही. केंद्राच्या वाहतूक खात्याने मात्र कंत्राटांच्या सवलतींसाठी पोर्तुगीज मूळही वर्षानुवर्षं हिस्पॅनिकमध्येच धरलं. गोव्याच्या वाचकांना यातली गंमत कळेल. रॉड्रिग्जच्या शेवटी ‘एस’ असेल तर माणूस बहुधा पोर्तुगीज परंपरेतला, ‘झेड’ असेल तर स्पॅनिश. एका अक्षरावर एवढं ओझं! २०२० च्या एका सर्वेक्षणात तर संगणकीय वर्गीकरणाची एक पायरी चुकल्याने किमान ४ लाख १६ हजार ब्राझिली ‘हिस्पॅनिक’ ठरले. आदल्या वर्षी हा आकडा १४ हजार होता.

लॉस एंजेलिसचा या शब्दावरचा राग निराळा. इथल्या चळवळीतल्या पिढीला त्यात स्पेनचा मुकुट दिसत होता. शहरातल्या सर्वांत मोठ्या दैनिकाने १९८३ साली या समाजावर मोठी मालिका छापली, ती ‘लॅटिनो’ म्हणूनच. पुढच्या वर्षी तिला सार्वजनिक सेवेचं पुलित्झर मिळालं. १९९७ मध्ये केंद्राने ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ असं जोडनाव स्वीकारून वाद मिटवल्यासारखं केलं.

खरं तर स्पेनचा आग्रह या शहराच्या मुळाशीच टिकत नाही. १७८१ मध्ये वसाहत करायला आलेल्या ४४ जणांपैकी निम्म्याहून जास्त अंशतः तरी आफ्रिकी वंशाचे होते. स्पॅनिश म्हणून नोंदलेले प्रौढ पुरुष दोनच. त्यांच्या नावांपुढे वंश लिहिलेला फलक जुन्या चौकात बसला तो थेट १९८१ मध्ये, द्विशताब्दीच्या वेळी.

त्याच चौकालगत १९३० मध्ये ओल्वेरा स्ट्रीट हा ‘जुन्या मेक्सिको’चा बाजार पर्यटकांसाठी सजवून खुला झाला. दहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १९३१ रोजी, पोलिसांनी चौकाची नाकेबंदी करून सुमारे ४०० जणांना अडवून कागदपत्रं तपासली. मंदीत मेक्सिकन वंशाच्या लोकांना हाकलण्याची ती मोहीम होती आणि गेलेल्यांत अमेरिकन नागरिकही पुष्कळ होते. १९३२ मध्ये याच गल्लीतल्या एका इमारतीवर क्रुसावर टांगलेला मूलनिवासी दाखवणारं भित्तिचित्र रंगलं; त्यावर लवकरच पांढरा रंग फासला गेला. टोपल्या, नाच, मेणबत्त्या चालत होत्या. हे चित्र चालत नव्हतं. राज्याने हकालपट्टीबद्दल माफी मागितली २००५ च्या कायद्याने. जवळच त्याची स्मृतिशिला बसली आणि ते चित्र लोकांना पुन्हा दिसू लागलं, दोन्ही २०१२ मध्ये.

गौरवाचे पुढचे टप्पे भराभर आले, पण एकही बिनबोभाट नव्हता. शहरातल्या ब्रुकलिन अॅव्हेन्यूला १९९४ मध्ये शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ यांचं नाव मिळालं तेव्हा जुन्या ज्यू रहिवाशांनी हरकत घेतली आणि काही मेक्सिकन दुकानदारांनीही. २००५ मध्ये १८७२ नंतरचा पहिला लॅटिनो महापौर निवडून आला. २०१७ मध्ये नगर परिषदेने कोलंबस दिन रद्द करून तो दिवस मूलनिवासींना दिला. तोही याच वारसा महिन्यात पडतो.

आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, महिना अजून सरायचा असताना, तीन लॅटिनो नगरसेवकांचं आदल्या वर्षीचं खासगी बोलणं बाहेर आलं. त्यात एका कृष्णवर्णीय मुलाबद्दल आणि शहराच्या कोरियाटाउन भागातल्या, मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेल्या मूलनिवासींबद्दल घाण शब्द होते. परिषदेच्या अध्यक्षांना पद आणि मग नगरसेवकपदही सोडावं लागलं. वाहाकाहून आलेल्यांपैकी अनेकांची घरची भाषा झापोटेक किंवा मिश्तेक, स्पॅनिश नव्हे. ठरावाच्या कागदावर तेही ‘लॅटिनो’च.

२०२४ मध्ये केंद्राने नियम पुन्हा बदलले : वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन प्रश्न एकत्र होणार, हव्या तितक्या रकान्यांवर खूण करता येणार. लोकांनी मात्र वाट पाहिली नव्हती. २०२० च्या गणतीत फक्त ‘अमेरिकन इंडियन’, म्हणजे मूलनिवासी, अशी नोंद करणाऱ्यांनी जी नावं लिहिली, त्यांत सर्वाधिक वेळा आलेलं नाव होतं मेक्सिकोतल्या जुन्या मूलनिवासींचं, ‘अॅझ्टेक’ : ३ लाख ८७ हजार.