पिस्तुलातील मॅगझिनदोष

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या सुट्या मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या डब्यातून, पुढचे काडतूस योग्य वेळी, योग्य उंचीवर आणि योग्य कोनात वर न आल्यामुळे होणारे अडथळे मॅगझिनदोष या नावाखाली येतात. नवे पिस्तूल पहिल्याच सरावात अडू लागले की मालकाचा संशय बहुधा पिस्तुलावर जातो, आणि चेंबरकडे (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीकडे) नेणारा उतार घासून गुळगुळीत करावा, मागे गेलेला वरचा भाग पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बदलावी असे सल्लेही लगेच मिळू लागतात. प्रत्यक्षात तपासणीची सुरुवात मॅगझिनपासून करणेच शहाणपणाचे असते. तो संपूर्ण शस्त्रातला सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त हाताळला जाणारा आणि सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. शिवाय मॅगझिन बदलून पाहण्यात काहीच बिघडत नाही, तर घासलेला उतार पुन्हा भरून येत नाही.

सुट्या पेटीसारख्या मॅगझिनची कल्पना आधी रायफलीत रुजली. जेम्स पॅरिस ली यांनी १८७९ मध्ये तिचे पेटंट घेतले. पिस्तुलाच्या मुठीतच असे मॅगझिन बसवण्याची रचना ह्यूगो बोरखार्ट यांच्या १८९३ च्या पिस्तुलात दिसते आणि पुढे लुगर पिस्तुलाने तीच उचलली. त्याच दशकातल्या माउझर सी ९६ चे मॅगझिन मात्र शस्त्राच्या सांगाड्याचाच भाग होते आणि ते वरून क्लिपने (काडतुसे ओळीत धरणाऱ्या पट्टीने) भरले जाई. सुट्या मॅगझिनमुळे पुन्हा भरणी काही क्षणांत होऊ लागली, परंतु काडतूस कोणत्या कोनात चेंबरकडे झेपावणार हे ठरवण्याची जबाबदारी पातळ पत्र्याच्या एका डब्यावर आली. हा डबा खिशात राहतो, जमिनीवर पडतो आणि कधी कधी बुटाखालीही येतो. यंत्रातले सर्वांत नाजूक काम सर्वांत पातळ पत्र्याकडे सोपवण्याची ही तडजोड आजतागायत कायम आहे.

मॅगझिनचे मुख्य भाग पाच : नळकांडे म्हणजे बाहेरचा डबा, त्याच्या वरच्या वळवलेल्या कडा म्हणजे ओठ, काडतुसांना खालून रेटणारा फॉलोअर, त्याखालची स्प्रिंग आणि तळपट्टी. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि स्लाइड पुढे येण्यापूर्वीच्या सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात स्प्रिंगने संपूर्ण चळत एका काडतुसाइतकी वर उचलायची असते. पुढे येणारी स्लाइड वरच्या काडतुसाच्या बुडाला ढकलते, ओठ त्याला ठरलेल्या जागी सोडतात, त्याचे टोक उतारावरून चेंबरकडे सरकते आणि बुडाची कड खालून एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे टरफल ओढून काढणाऱ्या भागाच्या, आकड्यात शिरते. या क्रमातली कोणती पायरी चुकली हे अडकलेल्या काडतुसाच्या स्थितीवरूनच कळते, म्हणून अडथळा झटकून मोकळा करण्याआधी बोट चापाबाहेर ठेवून, नळी सुरक्षित दिशेला धरून, तो नीट पाहून घ्यावा. टोक खाली झुकून उतारावर अडले असेल तर चळतीचा पुढचा भाग वेळेत उचलला गेलेला नाही. टोक उभे राहून चेंबरच्या वरच्या कडेला टेकले असेल तर ओठांनी काडतूस लवकर सोडले असण्याची शक्यता अधिक. स्लाइड काडतुसाच्या बुडावरून निसटून त्याच्या अंगावर आपटली असेल, तर चळत वर यायला उशीर झाला आहे किंवा मॅगझिनच खाली बसले आहे.

अडथळा चळतीतल्या कितव्या काडतुसाला येतो, हा निदानातला सर्वांत बोलका पुरावा असतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नऊ मिलिमीटर पॅराबेलमचे एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे धरले, तर सतरा काडतुसांची चळत दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंगचा दाब सर्वाधिक असला तरी उचलायचे वजन आणि डब्याच्या भिंतींशी होणारे घर्षणही सर्वाधिक असते. पहिल्या दोन-तीन काडतुसांतच गडबड होत असेल तर घर्षण, गच्च भरणी किंवा अति ताठ नवी स्प्रिंग यांचा विचार करावा. शेवटच्या एक-दोन काडतुसांना अडचण येत असेल तर स्प्रिंग जवळजवळ पूर्ण उलगडलेली असते आणि तिचा जोर सर्वांत कमी असतो. तेथे स्प्रिंग थकलेली, आखूड किंवा साफसफाईनंतर उलटी बसवलेली असू शकते. ही शेवटची चूक वाटते त्यापेक्षा फार सर्रास होते. कित्येक मॅगझिनांत स्प्रिंगचे वरचे वेटोळे फॉलोअरला पुढच्या बाजूने आधार देईल अशाच रीतीने वळवलेले असते. ती उलटी गेली की फॉलोअर पुढे झुकतो आणि काडतुसांची टोके खाली पडतात. मधल्याच एखाद्या ठरावीक काडतुसाला दर वेळी अडथळा येत असेल तर डब्याच्या त्या उंचीवर पोचा आहे का, किंवा पत्रा कापताना आतल्या कडेला बारीक काटा राहिला आहे का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे.

कोणत्याही भागाला हात लावण्याआधी दोष मॅगझिनचा की पिस्तुलाचा हे वेगळे काढावे लागते. त्यासाठी प्रत्येक मॅगझिनच्या तळपट्टीवर रंगाने क्रमांक घालावा आणि रेंजवर प्रत्येक अडथळ्याची नोंद मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाचे चळतीतले स्थान, काडतुसाचा प्रकार व अडथळ्याचे स्वरूप अशी करावी. दोष एकाच क्रमांकामागे फिरत असेल तर मॅगझिन दोषी. सगळ्या मॅगझिनांत सारखाच येत असेल तर पिस्तूल, काडतुसे किंवा नेमबाज यांच्याकडे वळावे. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या, आधीच विश्वासू ठरलेल्या पिस्तुलात संशयित मॅगझिन लावून पाहता आले तर शंकाच राहत नाही. दोन मॅगझिने एकत्र विकत घेतलेली असतात आणि दोन्ही एकाच घाण्यातली सदोष निघू शकतात, हे लक्षात ठेवून तिसरे मॅगझिन वेगळ्या ठिकाणाहून मिळवणे उपयोगी पडते.

मॅगझिनवर विनाकारण ठपका येईल असे काही दोषही आहेत. नव्या पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग ताठ असते. काडतूस कमी ताकदीचे असले किंवा मनगट सैल राहिले तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुढच्या काडतुसाला न उचलताच मिटते. चेंबर रिकामे राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की मॅगझिनने काडतूस दिलेच नाही. अशा वेळी मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून ते उडवावे. स्लाइड शेवटी मागे अडकून राहायला हवी. कोणत्याही मॅगझिनने ती अडकत नसेल आणि टरफलेही जवळच पडत असतील तर स्लाइडची धाव अपुरी आहे. एकाच मॅगझिनने अडकत नसेल तर त्याचा फॉलोअर किंवा स्प्रिंग स्लाइड-स्टॉपला (स्लाइड मागे धरून ठेवणाऱ्या अडसराला) वर रेटण्यात कमी पडते आहे. उलट काडतुसे शिल्लक असतानाच स्लाइड मागे अडकत असेल, तर नेमबाजाचा अंगठा नकळत स्लाइड-स्टॉपला लागतो का हे आधी पाहावे. मॅगझिन पूर्ण बसले नसतानाही असाच घोटाळा होतो. स्लाइड मिटलेली असताना तोंडोतोंड भरलेले मॅगझिन लावले की वरचे काडतूस स्लाइडच्या पोटाला टेकते आणि मॅगझिन धरून ठेवणारा खटका लागल्यासारखा वाटूनही लागत नाही. मॅगझिन खालून ओढून पाहिले की खरे कळते. खटक्याची खाच झिजली असेल तर मॅगझिन थोडे खालीच राहते आणि मग स्लाइड काडतुसावरून निसटते.

ओठांच्या आकाराचे महत्त्व एम १९११ या अमेरिकी पिस्तुलाइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही. या पिस्तुलाचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या मूळ रचनेत ओठ मागून पुढे हळूहळू रुंदावत जातात, त्यामुळे गोल टोकाचे .४५ (इंच व्यासाचे) काडतूस टप्प्याटप्प्याने मोकळे होते आणि आकड्याखाली नियंत्रित रीतीने शिरते. नंतर लक्ष्यनेमबाजीसाठी आखूड, सपाट टोकाच्या गोळ्या आल्या. त्यांना लवकर आणि एकदम सोडणारे समांतर ओठ बनवले गेले, आणि पुढे या दोहोंचा मेळ घालणारा तिसरा प्रकारही रूढ झाला. एका प्रकारच्या मॅगझिनमध्ये दुसऱ्या प्रकारची काडतुसे घालून पिस्तुलाला नावे ठेवणे हा या नमुन्याच्या मालकांचा जुना छंद आहे. मूळ फॉलोअरवर एक छोटा उंचवटाही असतो, जो धक्क्यामुळे शेवटचे काडतूस आपोआप पुढे घरंगळू नये म्हणून ठेवलेला आहे. सपाट फॉलोअरच्या मॅगझिनांत नेमके शेवटचे काडतूस आकड्याच्या पुढे निसटलेले आढळते ते त्यामुळेच. मूळ मॅगझिन सात काडतुसांचे होते. त्याच लांबीत आठवे बसवायचे तर स्प्रिंगची जागा कमी होते, आणि त्याची किंमत कुठे ना कुठे द्यावी लागते.

मोठ्या क्षमतेच्या मॅगझिनांत दोन रांगांतली काडतुसे वर येताना एका रांगेत आणावी लागतात. बेल्जियन रचनाकार द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केलेल्या १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरने तेरा काडतुसांचे असे मॅगझिन यशस्वी करून दाखवले. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारे आणि भारतीय सैन्य व पोलिसांकडे असलेले ९ मिमी १ए पिस्तूल त्याच रचनेवर आधारलेले आहे. दोन रांगा जिथे एक होतात त्या निमुळत्या भागात धूळ आणि खरखरीत पृष्ठभाग दोन्ही जाचतात. २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकी सैनिकांच्या बेरेटा एम ९ पिस्तुलांबाबत हेच घडले : लष्करी मागणीनुसार काही मॅगझिनांवर दिलेला जाड, खरखरीत फॉस्फेटचा थर बारीक वाळू धरून ठेवत असे आणि फॉलोअर अडखळत असे. पिस्तूल तेच राहिले. गुळगुळीत लेप दिलेली मॅगझिने पुढे आणली गेली. ग्लॉकच्या सुरुवातीच्या मॅगझिनांत प्लॅस्टिकच्या आत पोलादी अस्तर पूर्ण नव्हते, म्हणून भरल्यावर ती किंचित फुगत आणि खटका दाबला तरी आपोआप गळून पडत नसत. पूर्ण अस्तराची मॅगझिने आल्यावर हा त्रास संपला.

यावरून साफसफाईचा नियम निघतो. नव्या मॅगझिनमध्ये कारखान्यातले संरक्षक तेल किंवा ग्रीस असते. ते पुसून आतला भाग जवळजवळ कोरडा ठेवावा. तेल धूळ धरते आणि काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरपर्यंत (ठिणगी देणाऱ्या भागापर्यंत) झिरपले तर काडतूस निकामीही करू शकते. कोकण आणि गोव्यातल्या पावसाळी, खाऱ्या हवेत पोलादी मॅगझिनला अगदी पातळ तेलाचा हात द्यावाच लागतो, पण तो बाहेरून. आणि ते चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. तळपट्टी काढताना स्प्रिंग जोराने उसळते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा.

भारतीय परवानाधारकांच्या दृष्टीने एक दोष विशेष महत्त्वाचा आहे. नऊ मिलिमीटर हा बोर (नळीचा व्यास) सामान्य नागरिकांना निषिद्ध असल्यामुळे येथे .३२ ची पिस्तुले मोठ्या प्रमाणावर आढळतात, आणि .३२ चे काडतूस अर्धकडेचे आहे : त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात आणि चळत जागीच कुलूपबंद होते. पूर्ण लांबीच्या, सुमारे २५ मिलिमीटरच्या गोल टोकाच्या काडतुसांना डब्यात मागे-पुढे सरकायला जागा नसते, त्यामुळे हा प्रकार क्वचित होतो. पोकळ टोकाची आखूड काडतुसे वापरली की तो डोके वर काढतो. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवण्याऐवजी त्याची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे राहील असे पाहावे. .२२ च्या स्पर्धा पिस्तुलांत तर काडतूस पूर्ण कडेचे असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेल्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका याच काडतुसाने झाडल्या जातात. आंतरराष्ट्रीय नियम तेथे ग्राह्य आणि अग्राह्य बिघाड असा भेद करतात, आणि नेमबाजाच्या हलगर्जीपणातून आलेला अडथळा ग्राह्य धरला जात नाही.

मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग थकते का, यावर वाद रंगतात. मर्यादेत दाबलेली चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसत्या दाबलेल्या अवस्थेपेक्षा वारंवार दाबण्या-सोडण्याने अधिक झिजते. मात्र जागेच्या तुलनेत फार काडतुसे कोंबलेल्या मॅगझिनांत स्प्रिंग मर्यादेच्या कडेवरच काम करते आणि तिच्या बाबतीत सततचा दाबही बाधतो. नवे मॅगझिन काही दिवस भरून ठेवल्यास स्प्रिंग थोडी बसते आणि शेवटचे काडतूस सहज आत जाते, एवढे खरे. परंतु तेच मॅगझिन त्याच जागी पुन्हा पुन्हा अडत असेल, तर ‘नवे आहे, रुळेल’ हे विक्रेत्याचे उत्तर स्वीकारू नये आणि मॅगझिन हमीत बदलून मागावे.

फाकलेले ओठ पकडीने आवळून सरळ करण्याचा मोह टाळावा. व्हर्नियर कॅलिपरने चांगल्या मॅगझिनच्या ओठांमधले अंतर मोजून तुलना करणे योग्य. पण एकदा वाकवलेला पत्रा पुन्हा फाकतो किंवा वळणावर तडकतो, म्हणून असे मॅगझिन बाद करून सरावातूनही काढून टाकावे. भरणी तपासायची असेल तर घरी जिवंत काडतुसे स्लाइडमधून फिरवू नयेत. नकली काडतुसे त्यासाठीच मिळतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार शस्त्रांची दुरुस्ती हा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे स्प्रिंग बदलणे व साफसफाई यापलीकडचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते, आणि देताना अडथळ्यांची लिहिलेली नोंद व क्रमांक घातलेली सर्व मॅगझिने सोबत द्यावीत.