पुरुष देहविक्रयावरचा वास्तवपट (मुंबई)

स्टेशनाबाहेर, चौपाटीवर किंवा बागेच्या कडेला पैसे घेऊन पुरुषांशी संग करणाऱ्या तरुणांच्या जगण्यावरचा क्वीअर (समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांचा) कथापट. अमेरिकेत ‘मिडनाइट काउबॉय’ (१९६९) आणि गस व्हॅन सँट यांचा ‘माय ओन प्रायव्हेट आयडाहो’ (१९९१) या प्रकारातले ठळक चित्रपट. मुंबईत पुरुषांच्या समलिंगी जगण्याकडे कॅमेरा उघडपणे वळवण्याचं श्रेय रियाद विंची वाडिया यांच्या ‘बॉमगे’ (१९९६) या लघुपटाला दिलं जातं.

अमेरिकी नमुन्यातला लांबच लांब हायवे मुंबईत बसत नाही. इथला पोरगा रात्रीची शेवटची लोकल गाठतो, भाड्याच्या खोलीत इतरांसोबत झोपतो, महिन्याला घरी पैसे धाडतो. बऱ्याचदा धंद्याला मालिशचं पांघरूण असतं.

पटकथेचा कणा म्हणजे दर ठरण्याचा प्रसंग. पैसे आधी की नंतर, जागा कुणाची, कंडोम कुणाकडे, रिक्षाचं भाडं कोण देणार, एवढ्यातच दोघांची पत कळते. नेमका हाच प्रसंग गाळून लेखक पोराच्या तोंडी दुःखाची कहाणी घालतात आणि चित्रपट कीव मागू लागतो.

दुसरी हमखास चूक कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने सज्ञानांचा खाजगीतला संमतीचा संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७मधून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, वगळला. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कथेत हवालदाराने त्या कलमाचा धाक घातला, की जाणकार प्रेक्षक हसतो. रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणं मात्र अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६च्या कलम ८खाली आजही गुन्हाच आहे. पुरुषाला सात दिवस ते तीन महिने कैद होऊ शकते. १९८६च्या दुरुस्तीपासून या कायद्याच्या व्याख्येत पुरुषही येतात. सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० आहेच. पात्रं आणि नट १८ वर्षांपुढचेच हवेत, इथे सवलत नाही.

चित्रीकरण रात्रीचं, बहुधा रस्त्याच्याच दिव्यांवर. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रणात शटर (प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा काळ ठरवणारा) १८० अंशांचा ठेवला तर चित्रात पट्टे सरकू शकतात, १७२.८ अंश, म्हणजे १/५० सेकंद, ठेवावा. जुना नारिंगी सोडियम उजेड बऱ्याच ठिकाणी जाऊन पांढरे एलईडी आले आहेत. २०१५मध्ये मरीन ड्राइव्हवर त्यावरून वादही झाला. जुना काळ दाखवायचा तर रंग मागाहून आणावा लागतो.

गर्दी कॅमेऱ्यात बघते, म्हणून ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स लावून दुरून टिपतात आणि नटाच्या शर्टात बिनतारी माइक लपवतात. पावसाळ्यात घाम माइकमध्ये शिरून आवाज बसतो, टेरिलिनचा शर्ट खसखसतो. सुती बनियन आणि संवादांखाली भरायला वेगळा टिपलेला जागेचा एक मिनिटाचा नुसता आवाज, हे दोन उपाय स्वस्त. खऱ्या अड्ड्याची पाटी किंवा ओळखू येईल अशी खूण फ्रेममध्ये घेऊ नये. चित्रपट येतो-जातो, धाड तिथल्या पोरांवर पडते.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र बहुधा ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळतं आणि तेवढ्याने दूरचित्रवाणीचा रस्ता बंद होतो. सेन्सॉरच्या निर्णयांविरुद्धचं अपील न्यायाधिकरण २०२१मध्ये रद्द झाल्याने कापाकापीविरुद्ध दाद थेट उच्च न्यायालयात मागावी लागते, आणि छोट्या निर्मात्याला तो खर्च झेपत नाही. म्हणून असे चित्रपट आधी २०१०पासून मुंबईत भरणाऱ्या ‘कशिश’ या क्वीअर चित्रपट महोत्सवासारख्या ठिकाणी दाखवतात, मग ओटीटीची दारं ठोठावतात.