यंत्र आधी, भाषा मागाहून

मिशीला पीळ दिला की वडील. कपाळाशी दोन बोटं धरली की म्हैस. गावातलं कर्णबधिर मूल आणि त्याची आई अशा खुणांवर दिवस काढतात, पण त्या खुणा उंबऱ्याबाहेर चालत नाहीत. आठवडी बाजारात नाही, बँकेत तर नाहीच.

या मुलांना रीतसर सांकेतिक भाषा का मिळाली नाही, याचं कारण बरंच मागे आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत बहिऱ्यांच्या शिक्षकांनी ठराव केला की मुलांना बोलायलाच शिकवायचं, हातवारे नकोत. भारतातली पहिली मूकबधिर शाळा मुंबईत निघाली ती १८८५च्या सुमारास, म्हणजे हे वारं जोरात असताना. पुढची कैक वर्षं वर्गात ओठ वाचणं आणि घशावर हात ठेवून कंप ओळखणं चाललं. शाळाही बहुतेक शहरांत. २०११च्या जनगणनेत मात्र देशातले ६९ टक्के अपंग खेड्यांत राहत होते.

अशा मुलांपर्यंत कंपन्यांचा पैसा पोचण्याची वाट निघाली ती २०१३च्या कंपनी कायद्यातून. त्यातलं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ला. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यातलं काहीही असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. यालाच सीएसआर म्हणतात. अपंगांचं कौशल्य-प्रशिक्षण कायद्यातल्या कामांच्या यादीत होतंच. पण प्राधान्य कारखान्याच्या आसपासच्या भागाला. ज्या तालुक्यात कारखानाच नाही, त्याने कुणाकडे बघायचं?

शिवाय कंपनीला श्रवणयंत्र वाटणं सोपं. आकडा मिळतो, फोटो निघतो. कानामागच्या यंत्राचा बटणाएवढा सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो, आणि तो गावच्या किराणा दुकानात मिळत नाही. मग यंत्र ट्रंकेत.

भाषेपासून सुरुवात करणारेही होते. रुमा रोका यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या नोएडा डेफ सोसायटीत सांकेतिक भाषा आणि इंग्रजी यांच्या पायावर संगणकासारखी कामं शिकवली जातात. सरकारचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत आलं २०१५ला. त्याच्या कोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१पर्यंत १०,००० झाले.

त्याच २०२१ मध्ये सीएसआरचे नियमही बदलले. चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत नेता येतो, न खर्चलेले पैसे त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. यंत्रं वाटण्याच्या मार्चअखेरच्या शिबिराला एवढी मुदत लागत नाही. विशीतल्या मुलाला आयुष्यातली पहिली भाषा शिकवून मग शिलाई मशीनवर बसवायचं, तर लागते.