बाहेर बसवायचा इलेक्ट्रिक फ्युएल पंप : इंजिन स्वॅपसाठी निवड

टाकीच्या आत न बसवता टाकीच्या बाहेर, चासीला लावलेला आणि बॅटरीवर चालणारा पेट्रोलचा पंप म्हणजे एक्स्टर्नल फ्युएल पंप, गॅरेजमध्ये त्याला सरळ 'बाहेरचा पंप' म्हणतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत, म्हणजे प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी जिप्सी, पंप इंजिनलाच बोल्ट केलेला असतो, कॅमशाफ्ट फिरला की आतला पडदा वरखाली होतो आणि पेट्रोल ओढलं जातं, आवाजाचा प्रश्नच येत नाही. पण त्याच जिप्सीत एस्टीमचं किंवा जुन्या बलेनो सेडानचं एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणारं, इंजिन टाकलं (यालाच इंजिन स्वॅप म्हणतात) की त्या इंजिनवर असा पंप नसतो, शिवाय त्याला लागणारं प्रेशर कार्बोरेटरच्या दहापट असतं, आणि जुन्या टाकीत आत पंप बसवायला भोकही नसतं आणि खणही नसतो. म्हणून मग बाहेरचा पंप.

ठाण्यात नि नवी मुंबईत स्वॅप करणाऱ्यांची बाहेरच्या पंपाबद्दल सगळ्यात मोठी तक्रार आवाजाची असते. ते साहजिक आहे, कारण घोडबंदर रोडला गायमुखच्या आधी गाडी अर्धा तास आयडलवर उभी असते, एमपीएफआय इंजिन आयडलला शांत असतं, आणि मागच्या सीटखालून एकसारखा 'ऊंऽऽ' येत राहतो. मग माणूस दुसरा पंप घेतो, तो पण ओरडतो, मग तिसरा. खरं म्हणजे पंप ओरडतो तो बहुतेक वेळा उपाशी असतो, म्हणजे त्याला पुरेसं पेट्रोल मिळत नाही म्हणून, आणि जो उपाशी राहतो तोच लवकर मरतो, त्यामुळे शांत पंप आणि भरवशाचा पंप या दोन वेगळ्या गोष्टी नाहीयेत.

याचं कारण असं की हे पंप पेट्रोल ढकलायला बनवलेले असतात, ओढायला नाही. पंप टाकीपेक्षा उंचावर किंवा लांब बसवला, किंवा टाकीकडून येणारी नळी बारीक असली, की पंपाच्या तोंडाशी प्रेशर कमी होतं, आणि पेट्रोल कमी प्रेशरला लगेच उकळून त्याचे बुडबुडे होतात. मे महिन्यात खालून डांबर तापलेलं नि शेजारून सायलेन्सरचा पाइप गेलेला असेल तर अजूनच लवकर. हे बुडबुडे पंपाच्या आत प्रेशरखाली फुटतात, त्याची किरकिर होते, धातू झिजतो, आणि वर पेट्रोलनेच पंप थंड राहत असल्यामुळे तो तापतोही. सीएनजीवर गाडी चालवणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवून महिनोन् महिने फिरलं की आतला पंप जळतो तो याच कारणाने.

त्यामुळे पंप घेण्याआधी जागा ठरवायची. टाकीच्या शेजारी, टाकीच्या तळाच्या लेव्हलला किंवा थोडा खाली, म्हणजे पेट्रोल आपोआप उतरून पंपात येईल. इनलेटची नळी आउटलेटपेक्षा जाड. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, साधारण १०० मायक्रॉनचा, आणि बारीक १० मायक्रॉनचा फिल्टर पंपानंतर. इथे भरपूर लोक उलटं करतात, बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावतात 'पंप सुरक्षित राहील' म्हणून, आणि जुन्या टाकीतला गंज त्यात अडकला की पंपाचा श्वासच कोंडतो. आपल्याकडे पावसाळ्यात टाकीत ओल जाते आणि आता मिळतं ते ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे स्वॅपच्या वेळी जुनी टाकी उतरवून आतून साफ केल्याशिवाय नवा पंप लावूच नये असं माझं ठाम मत आहे.

आता किती प्रेशर, किती फ्लो. कार्बोरेटरला ३ ते ६ पीएसआय (टायरच्या हवेचं प्रेशर मोजतात तेच एकक) पुरतं, त्यातही वेबर कंपनीच्या साइडड्राफ्टला, म्हणजे आडव्या कार्बोरेटरला, ३ ते ३.५ च्या वर दिलं की फ्लोट चेंबर ओव्हरफ्लो होतो. एमपीएफआयला मात्र बहुतेक ठिकाणी ३ बारच्या आसपास, म्हणजे ४० ते ४५ पीएसआय, आणि मोठ्या अमेरिकन एलएस इंजिनला ५८. फ्लोचा हिशोब सोपा आहे, पूर्ण जोरात पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरला तासाला अंदाजे पाव किलोच्या जरा आत पेट्रोल खातं, म्हणजे बलेनोच्या ९५ च्या आसपास हॉर्सपॉवरला तासाला ३० लिटरसुद्धा लागत नाही. दीडपट मार्जिन धरा, ४५ झाले. आणि लोक लावतात काय तर तासाला २५५ लिटरचा रेसिंगचा पंप, कारण ऑनलाइन तोच पहिला दिसतो! तो वरचे २०० लिटर नुसते रिटर्न लाइनने, म्हणजे जास्तीचं पेट्रोल परत नेणाऱ्या नळीने, टाकीत फिरवत बसतो, करंट जास्त खातो, पेट्रोल तापवतो आणि आवाज तर करतोच. बॉशचा प्रसिद्ध ०४४ पंपही असाच, ताकदीला उत्तम पण रोजच्या ऑफिसच्या गाडीत त्याची घरघर सहन होत नाही. ज्या इंजिनला ऐंशी ते शंभर हॉर्सपॉवर आहेत त्याला तासाला ८० ते १०० लिटरचा, कंपनी फिटिंगच्या दर्जाचा इनलाइन, म्हणजे नळीच्या मधे जोडायचा, पंप भरपूर झाला.

प्रकारांमध्ये सोलेनॉइडचा पंप टिकटिक करतो, जुन्या मॉरिस मायनरमध्ये एसयू कंपनीचा असाच यायचा, आज फॅसेट कंपनीचे छोटे चौकोनी पंप त्या जातीचे. कार्बोरेटर भरला की टिकटिक मंदावते, करंट कमी, रिटर्न लाइन लागत नाही, थोडं ओढूही शकतो. कार्बोरेटरचंच इंजिन टाकताय तर हाच घ्या. रोटरी व्हेनवाल्यांत, म्हणजे आत पाती फिरणाऱ्यांत, होली कंपनीचा रेड नावाने ओळखला जाणारा पंप आवाजाला बदनाम आहे, कार्टरचा त्याच्या मानाने सौम्य. एमपीएफआयसाठी रोलर सेल, जेरोटर आणि टर्बाइन असे जास्त प्रेशरचे प्रकार, त्यात टर्बाइन सगळ्यात शांत, पण तो बहुतेक टाकीच्या आत बसणारा असतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर एमपीएफआय जिप्सीची टाकी पंपासकट मिळाली तर बाहेरच्या पंपाच्या नादी लागूच नका.

बाहेरचा पंप शांत करता येतो याचा पुरावा मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ मध्ये बघायला मिळतो, जी १९९५ पासून पुण्यातही असेंबल व्हायची. पेट्रोल मॉडेलचा पंप बाहेरच, मागच्या चाकाच्या पुढे खाली, पण त्याच्याभोवती मऊ वेष्टण, ब्रॅकेट रबरवर, वरून कव्हर. केबिनमध्ये पत्ता लागत नाही. आपल्याकडे मिस्त्री काय करतो, पत्र्याच्या फ्लोअरला दोन सेल्फ टॅपिंग स्क्रू मारून पट्टी आवळतो, आणि तो अख्खा फ्लोअर मग ढोलाच्या कातड्यासारखा घुमतो. पंप जाड चासी रेलला लावा, पंपाभोवती रबर, ब्रॅकेट आणि चासीमध्ये रबरी बुश, आणि पंपापासून लोखंडी लाइनपर्यंत थोडी लवचिक नळी, नाहीतर कंपन लाइनमधून पुढे जातं. बसवल्यावर गाडी चालू ठेवून पंप हाताने जरासा उचलून धरावा, आवाज एकदम उतरला तर चूक माउंटिंगची, नाही उतरला तर पंप उपाशी.

नळी साधी पेट्रोलची चालत नाही, एमपीएफआयच्या प्रेशरला एसएई जे३० आर९ असं छापलेलीच घ्यावी, ती इथेनॉललाही टिकते, आणि क्लिप इंजेक्शनच्या गोल कडेच्या, दातेरी पट्टीच्या नाहीत कारण त्या नळीला कापतात. सायलेन्सरपासून लांब. पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल, ठाण्यात वंदना टॉकीजजवळून रोज जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तर पंप टाकीच्या तळाच्या लेव्हललाच पण चासी रेलच्या आतल्या बाजूला आणि कनेक्टर वॉटरप्रूफ.

वायरिंगमध्ये कंजूषी करू नये. बारीक वायरने व्होल्टेज पडतं, पंप हळू फिरतो, प्रेशर पडतं, आणि दोष पंपावर जातो. बॅटरीवरून थेट फ्यूज, मग रिले, मग जाड वायर, आणि अर्थ स्वच्छ घासलेल्या धातूला. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, असेल तर चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद चालून थांबतो आणि इंजिन फिरलं की परत सुरू होतो, कार्बोरेटरच्या गाडीत हे काम ऑइल प्रेशर स्विचकडून करून घ्यावं, शिवाय धक्का लागल्यावर सप्लाय तोडणारा इनर्शिया स्विच. गाडी उलटली, इंजिन बंद पडलं आणि पंप मात्र पेट्रोल ढकलतोच आहे, याच्याइतकं धोकादायक काही नाही.

खरेदीसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत बरेच जण जातात, जुन्या मर्सिडीजचे पंप तिथे मिळतातही, पण वापरलेला पंप घेणं म्हणजे झिज विकत घेणं. नावाजलेल्या पंपांच्या नकला तर ऑनलाइन ढिगाने आहेत. दुसरं म्हणजे इंजिन बदलताना मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा, नाहीतर अपघाताच्या क्लेमला अडचण येते.

शेवटची टेस्ट गाडी गार असताना करून उपयोग नाही. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या फ्युएल रेलवर प्रेशर गेज लावून, टाकी पाव भरलेली ठेवून, दुपारी ठाणे-बेलापूर रोडला ट्रॅफिकमध्ये गाडी चांगली तापू द्यावी, मग पाम बीचला मोकळा रस्ता मिळाला की थ्रॉटल पूर्ण उघडून बाजूला बसलेल्याने गेज बघावं. काटा थरथरला किंवा ५ पीएसआयने जरी खाली बसला तर आधी इनलेटची नळी, जाळी आणि टाकीच्या झाकणाचा व्हेंट तपासायचा, पंप सगळ्यात शेवटी.