मात्सुमोतोचा काळा किल्ला वाचला कसा

जपानमध्ये किल्ला पाहायला जाणाऱ्याने आधी एक चौकशी करावी: मुख्य मनोरा मूळचा आहे की नव्याने बांधलेला? ओसाकाचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. जुने लाकडी मनोरे देशभरात १२च उरले आहेत. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोचा मनोरा त्यांतला एक, आणि माझ्या मते त्याच्या वाचण्याची कहाणी त्याच्या लढाऊ इतिहासापेक्षा मोठी आहे.

हा भुईकोट. इशिकावा काझुमासा आणि त्याचा मुलगा यासुनागा यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधून घेतला. काझुमासा हा तोकुगावा इएयासू या बड्या सरदाराची चाकरी सोडून त्या वेळचा जपानचा सर्वांत बलाढ्य सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेलेला सरदार. काळ बंदुकांचा होता, म्हणून भिंती जाड, खंदक रुंद आणि जागोजागी जंग्या, म्हणजे बंदुका-बाण डागायची भोकं. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत. पुढे १६३०च्या दशकात शांतता नांदू लागल्यावर त्याला जोडून चंद्रदर्शनाचा सज्जा बांधला गेला. तीन बाजूंनी उघडा, लाल कठड्याचा. त्यात एकही जंगी नाही!

१८७१ मध्ये सरंजामी जहागिऱ्या खालसा झाल्या आणि किल्ले निरुपयोगी ठरले. मात्सुमोतोचा मनोरा लिलावात निघाला, २३५ ऱ्योला (ऱ्यो हे जुनं जपानी चलन) विकला गेला, आता तो पाडायचाच बाकी होता. तेव्हा इचिकावा र्‍योझो या स्थानिक पुढाऱ्याने सरकारकडे मुदत मागितली आणि १८७३ पासून मनोऱ्यातच प्रदर्शनं भरवली. त्या पैशांतून मनोरा परत मिळवला.

पण तो कलू लागला होता. लोक म्हणत, १६८६ च्या शेतकरी उठावाचा म्होरक्या तादा कासुके याने वधस्तंभावरून किल्ल्याकडे रोखून पाहिलं, त्याचा हा तळतळाट. कासुकेने जादा साऱ्याविरुद्ध दाद मागितली होती. त्याची आठवण लोकांनी अशी जपली, हे मला फार मोलाचं वाटतं. खरं कारण जमिनीखाली होतं. दलदलीच्या भुसभुशीत जमिनीवर भार पेलण्यासाठी चौथऱ्यात १६ लाकडी खांब पुरले होते, ते कुजले होते. किल्ल्याच्या आवारातल्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी यांनी पैसा उभा करून १९०३ ते १९१३ दुरुस्ती करवली. १९५० ते १९५५ मध्ये सरकारने अख्खा मनोरा उतरवून पुन्हा जोडला, आणि त्या खांबांच्या जागी काँक्रीटचा आधार दिला.